औषधाची खिडकी : साठा किती न्यायचा?

प्रश्न : यजमानांची बदली दोन वर्षांसाठी जपानला झाली आहे. पुढच्या महिन्यात निघायचं आहे. माझं वय ५२. मला थायरॉइडची ७५ची गोळी आहे, बी.पी.साठी टेल्मिसार्टन आणि अ‍ॅम्लोडिपिनची एकत्र गोळी आहे, आणि गेली चार वर्षं झोपेसाठी रात्री अर्धा मिलिग्रॅम क्लोनाझेपाम घेते. वर्षभराचा साठा एकदमच न्यावा आणि पुढचा धाकट्या बहिणीने कुरियरने पाठवावा, असं ठरवते आहे. यजमान सर्दीच्या गोळ्यांशिवाय घर सोडत नाहीत, त्याही बरोबर येणार. एक ओळखीच्या बाई म्हणाल्या, "ने गं, कोणी बघत नाही." तुम्ही काय सांगाल?
— बॅगा भरण्याच्या गडबडीतली एक वाचक

उत्तर : ओळखीच्या बाई म्हणतात ते बहुतेक वेळा खरं असतं. मला काळजी आहे ती उरलेल्या वेळांची. २०१५ मध्ये जपानमधल्या एका बड्या मोटार कंपनीच्या वरिष्ठ अमेरिकी अधिकारी बाईंना अटक झाली. त्यांच्या नावे परदेशातून आलेल्या पार्सलमध्ये ऑक्सिकोडोनच्या गोळ्या निघाल्या होत्या. अमेरिकेत हे वेदनाशामक डॉक्टर लिहून देतात. पुढे खटला न भरताच त्यांना सोडलं, पण तोवर राजीनामा देऊन झाला होता. तुमच्या पिशवीत ऑक्सिकोडोन नाही, तेव्हा घाबरू नका. फक्त एवढं धरून चाला, की गोळी ज्या देशात उतरते त्या देशाचा कायदा तिला लागतो. ती कोणत्या डॉक्टरने किती प्रेमाने लिहून दिली, हे तिथला कस्टमवाला विचारत नाही.

तुमच्या तिन्ही गोळ्यांना एकच नियम नाही, म्हणून एकेक घेऊ.

थायरॉइडची आणि बी.पी.ची गोळी ही साधी, चिठ्ठीवर मिळणारी औषधं. स्वतःसाठी एक महिन्याची जपानमध्ये विनापरवाना नेता येतात. त्याहून जास्त न्यायची तर 'यून्यू काकुनिनशो' हे आयातीचं प्रमाणपत्र आधी काढावं लागतं. पूर्वी गेलेले लोक तुम्हाला 'याक्कान शोमेई' असं नाव सांगतील. तेच हे, २०२० मध्ये नाव बदललं. अर्ज ऑनलाइन होतो, फी नाही, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी आणि प्रवासाचा तपशील जोडायचा. अर्ज निघण्याआधी करायचा. तिकीट हातात आलं असेल तर आजच बसा.

प्रमाणपत्र मिळालं तरी वर्षाचा साठा नेऊ नका, असंच मी सांगेन. मी बावीस वर्षं अमेरिकेतल्या एका इस्पितळाच्या औषधखिडकीत उभी होते. परदेशातून वर्षाच्या गोळ्या घेऊन आलेली माणसं मी पाहिली आहेत. गोळ्या असतात म्हणून ती डॉक्टरकडे फिरकतच नाहीत. बी.पी. मोजलं जात नाही, थायरॉइडचं टी.एस.एच. तपासलं जात नाही, आणि चौदाव्या महिन्यात रिकामी स्ट्रिप घेऊन खिडकीशी येतात तेव्हा घाईचं झालेलं असतं. दोन-तीन महिन्यांचं औषध पुष्कळ झालं. तेवढ्या अवधीत तिथला डॉक्टर शोधायचा, साठा त्याचसाठी असतो.

आणि जपानमध्ये ते अवघडही नाही. तीन महिन्यांपेक्षा जास्त राहायला येणाऱ्याला तिथला सरकारी आरोग्यविमा घ्यावाच लागतो. यजमानांच्या नोकरीतून त्यांचा होईल आणि तुमचंही नाव त्यात घालता येईल, हे कंपनीला आत्ताच विचारून ठेवा. सत्तरीच्या आतल्या बहुतेकांना खर्चाचा ३० टक्के वाटा भरावा लागतो. 'नाइका' म्हणजे आपल्या भाषेत फिजिशियन. ती पाटी असलेला घराजवळचा दवाखाना पहिल्या पंधरवड्यात गाठा. एक गोष्ट मात्र नवख्यांना हमखास नडते. तिथली चिठ्ठी लिहिल्याचा दिवस धरून चारच दिवस चालते. पर्समध्ये ठेवून पुढच्या आठवड्यात बघू म्हणालात, की परत डॉक्टरकडे. तिथल्या औषधवाल्याकडून 'ओकुसुरी तेच्यो' ही छोटी वहीही मागून घ्या. प्रत्येक वेळी काय दिलं त्याचा स्टिकर तिच्यात लावतात. मला त्या वहीचा हेवा वाटतो. माझ्या खिडकीशी येणाऱ्या प्रत्येकाकडे अशी वही असती तर माझे निम्मे फोन वाचले असते.

थायरॉइडच्या गोळीची कंपनी तिथे बदलणार. औषध तेच, लेव्होथायरॉक्सिन, पण कंपनी बदलल्यावर सहा आठवड्यांनी टी.एस.एच. करून घ्या. बदलीच्या धावपळीत एखादा दिवस ही गोळी चुकली तरी आकाश कोसळत नाही. तिचा अर्धा अंश शरीरातून जायला आठवडाभर लागतो. बी.पी.ची जोडगोळी तिथेही मिळते. नेमक्या तुमच्या प्रमाणातली नसली तर दोन सुट्या देतील, त्याने काही बिघडत नाही.

आता क्लोनाझेपाम. इथे मी जरा दटावणार आहे. हे मनावर परिणाम करणाऱ्या औषधांच्या यादीतलं, म्हणून त्याचा कायदाच वेगळा. स्वतःच्या वापरापुरतं ठरावीक मर्यादेपर्यंत स्वतः सोबत नेता येतं, त्यापुढे डॉक्टरांचं पत्र लागतं. टपालाने किंवा कुरियरने मात्र मागवताच येत नाही. बहिणीला हे आजच फोन करून सांगा, नाहीतर ती हौसेने खोक्यात घालेल आणि तुमच्या दारी वेगळेच पाहुणे येतील.

कायदा पाळलात तरी खरा धोका उरतोच, तो ही गोळी अचानक संपण्याचा. चार वर्षं रोज घेतलेली क्लोनाझेपाम एका रात्रीत थांबली तर झोप तर जातेच, पण हातपाय थरथरणं, भीतीने जीव घाबरा होणं आणि क्वचित फिट येण्यापर्यंत मजल जाते. शिवाय जपानमध्ये हिची नोंद अपस्मारावरचं औषध म्हणून आहे. झोपेसाठी का घेता, हा प्रश्न तिथला डॉक्टर विचारणारच. तेव्हा लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडे या आठवड्यातच जा आणि सरळ विचारा, चालू ठेवायची की टप्प्याटप्प्याने कमी करायची? कमी करायची ठरली तर वेळापत्रक त्यांच्याकडून लिहून घ्या. बॅगा भरता भरता स्वतःच्या मनाने पाव पाव तोडायला बसू नका.

यजमानांच्या सर्दीच्या गोळ्या घरीच राहू द्यात. सर्दीच्या काही गोळ्यांत असणारं स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांपेक्षा जास्त असलेलं औषध जपानमध्ये आणायला बंदी आहे, चिठ्ठी असो वा नसो. खोकल्याच्या कोडीनवाल्या औषधाचंही असंच त्रांगडं होऊ शकतं. त्यांना सर्दी तिथे झाली तर औषधही तिथलंच घ्यावं.

निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून एक पत्र मात्र नीट करून घ्या. छापील, इंग्रजीत, त्यावर पासपोर्टवरचंच नाव, आजार, आणि प्रत्येक औषधाचं मूळ नाव. पत्रात कंपनीचं नाव असून उपयोग नसतो. ताकद अंकात आणि वेळ पूर्ण शब्दांत हवी. वेळेबद्दल एवढं का सांगते? अमेरिकेत मी नवीन असताना एका नातेवाइकाची चिठ्ठी सहकारिणीला दाखवली होती. टेल्मिसार्टन ४०, पुढे 'ओ.डी.'. आपण ओ.डी. म्हणजे दिवसातून एकदा असं वाचतो. तिने चष्मा वर केला आणि विचारलं, "ही गोळी उजव्या डोळ्यात घालायची?" तिच्या शिक्षणात ओ.डी. म्हणजे उजवा डोळा. गोळी होती म्हणून हसण्यावारी गेलं, थेंब असते तर?

प्रश्न : मी सहा महिन्यांसाठी अमेरिकेत मुलीकडे आलो आहे. मुक्काम वाढला. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफॅरिनच्या ११ गोळ्या उरल्या आहेत. जावई म्हणतात, गोळी नेऊन दाखवू, रंग बघून तीच देतील. घरून पार्सल मागवावं का?
— एक आजोबा

उत्तर : आजोबा, जावईबापूंना सांगा, रंगावर जाऊ नका. लंडनहून आलेल्या एक बाई माझ्या खिडकीशी आल्या होत्या. म्हणाल्या, "रोज एक गुलाबी." ब्रिटनमध्ये वॉरफॅरिनची गुलाबी गोळी ५ मिलिग्रॅमची असते. अमेरिकेत गुलाबी म्हणजे १ मिलिग्रॅम. रंग बघून दिली असती तर बाईंना पाचवा हिस्सा औषध मिळालं असतं, आणि हृदयाच्या झडपेवर गुठळी झाली असती तर दोष कोणाचा? निळीचंही तसंच, तिकडे ३ आणि इकडे ४. मी डबी मागितली. डबी नव्हती. मग त्यांच्या डॉक्टरांकडे फोन, तिकडे रात्र, असा सगळा दिवस गेला.

नावाचाही भरवसा नाही. अमेरिकेत फ्लोमॅक्स म्हणजे प्रोस्टेटवरचं टॅम्सुलोसिन. इटलीत त्याच नावाने सूज उतरवणारं निराळंच औषध मिळतं. डिलाकोर नावाखाली अमेरिकेत डिल्टियाझेम मिळायचं, सर्बियात डिगॉक्सिन. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ मध्ये यावर लोकांना जाहीर सावध केलं होतं. म्हणून 'वॉरफॅरिन, इतके मिलिग्रॅम' हेच पाठ करा.

पार्सल नको. चिठ्ठीवरचं औषध टपालाने अमेरिकेत मागवणं सहसा नियमात बसत नाही, आणि अडलं तर ११ दिवस बघता बघता जातात. येताना सोबत साधारण ९० दिवसांचा साठा चालतो. पुढच्या वेळी मुक्काम त्या हिशेबाने ठरवा. घरच्या डॉक्टरांची चिठ्ठी तिथल्या दुकानात चालत नाही. तिथे परवाना असलेल्या डॉक्टरनेच लिहायला हवी. या आठवड्यात मुलीच्या फॅमिली डॉक्टरकडे किंवा जवळच्या अर्जंट केअरमध्ये वेळ घ्या. शेवटचा आय.एन.आर.चा, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या तपासणीचा, रिपोर्ट आणि हल्लीचा डोस सोबत न्या. ते आय.एन.आर. पुन्हा करायला सांगतील, कुरकुर न करता करा. वॉरफॅरिन जुनं आणि स्वस्त आहे. खर्च होतो तो तपासणीचा. प्रवास विम्यात आधीपासूनच्या आजाराचं कलम आधी वाचा, बहुतेकदा तिथेच हात वर केलेले असतात.

आणि पुरवून पुरवून एक दिवसाआड घेण्याचा विचार चालला असेल, तर तो आत्ताच सोडा. मला माहीत आहे, आजोबा मंडळी हे करतात.

प्रश्न : मी जर्मनीत शिकतो. दम्याचा पंप संपत आला. आई पार्सल करते म्हणते.
— एक विद्यार्थी

उत्तर : आईला थांबव. युरोपीय संघाबाहेरून टपालाने औषध मागवायला जर्मनीत सर्वसाधारणपणे बंदी आहे. पार्सल कस्टममध्येच राहील. प्रवेश घेताना तू आरोग्यविमा काढलाच असशील, तो पैसे भरून नुसता ठेवायचा नसतो. घराजवळच्या 'हाउसआर्ट्झ्ट'कडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे जा. सरकारी विमा असेल तर चिठ्ठी ऑनलाइन चढते आणि तुझ्या विमाकार्डाने उघडते, २०२४ पासून तशीच पद्धत आहे. कार्ड घेऊन औषधाच्या दुकानात जायचं. सुट्टीच्या दिवशी किंवा रात्री दवाखाना बंद असताना त्रास झाला तर ११६११७ हा डॉक्टरांचा नंबर आहे. श्वास लागत असेल, वाक्य पुरं बोलता येत नसेल, तर सरळ ११२. पंपाचं मूळ नाव बहुधा साल्ब्युटामॉल. पुढे कधी अमेरिकेत गेलास तर तिथे त्यालाच अल्ब्युटेरॉल म्हणतात, उगाच वेगळं औषध दिलं म्हणून भांडू नकोस.

प्रश्न : वार लिहिलेल्या प्लास्टिकच्या डबीत आठवड्याच्या गोळ्या भरून विमानाने नेल्या तर चालतील का?
— एक काकू

उत्तर : काकू, नुसत्या सुट्या गोळ्या बघून त्या कसल्या आहेत हे कोणालाच सांगता येत नाही, मलासुद्धा नाही. मूळ स्ट्रिप, मूळ डबी, चिठ्ठी, सगळं हातातल्या पिशवीत. चेक-इनच्या बॅगेत मुळीच नाही. मी एकदा स्वतःची बी.पी.-हृदयाची गोळी, मेटोप्रोलॉल, मोठ्या बॅगेत टाकली आणि बॅग तीन दिवसांनी आली. ती गोळी एकदम बंद करायची नसते, हे मी शेकडो लोकांना खिडकीतून बजावलं होतं, आणि आता विमानतळाबाहेरच्या डॉक्टरपुढे छाती धडधडत मी बसले होते. त्यांनी विचारलं, "काय करता तुम्ही?" मी गृहिणी म्हणून सांगितलं.

वारांची डबी रिकामी न्या, पोचल्यावर भरा.