सावकार, क्रेडिट कार्ड, पतसंस्था, सोनेतारण... सगळीकडे देणं आहे. फेडायला सुरुवात कुठून करू?

तुमच्या प्रश्नातले आकडे आधी एका जागी आणतो. कुपवाड एमआयडीसीतला पगार हातात ३१ हजार, पत्नीच्या शिवणकामाचे ५ हजार, घरखर्च २० हजार. सावकाराचे ५० हजार शेकडा पाचने, कार्डावर ६४ हजार, पतसंस्थेचे १ लाख २० हजार बाकी (१४ टक्के, हप्ता ५,१२७), सोनेतारण ८० हजार ११ टक्क्यांनी, फ्रिजचे २,१०० चे पाच हप्ते, मेहुण्याचे हातउसने ३० हजार. शिवाय रोज ५० रुपयांची पिग्मी, तिच्यात १८ हजार साठलेत. गावी वडिलांच्या नावावर सोसायटीचं पीक कर्ज आहे, ते शेवटी बघू.

देणं ३ लाख ५४ हजार ५०० होतं. तुम्हाला सगळ्यात मोठा आकडा पतसंस्थेचा दिसतो आणि झोप त्यानंच उडालीय. पण तो तुम्हाला बुडवत नाहीये. प्रत्येक देण्यापुढे वर्षाचा दर लिहा. शेकडा पाच म्हणजे महिन्याला पाच, वर्षाला ६० टक्के. कार्डाचा दर स्टेटमेंटवर असतो. महिना साडेतीन धरला तर ४२ टक्के, आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा. मग १४ आणि ११. मेहुण्याचं शून्य. फेडीचा क्रम हाच.

कार्डाचं जरा जवळून बघा. ६४ हजारांवर ‘मिनिमम ड्यू’ (किमान भरायची रक्कम) पाच टक्के, म्हणजे ३,२०० भरताय. त्यातले २,२४० व्याज, ४०३ जीएसटी. मुद्दल किती फिटलं? ५५७ रुपये. त्याच महिन्यात कार्डावर हजाराचा किराणा घेतला तर देणं वाढलंच. शिवाय मागची बाकी असली की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून व्याज चालू. म्हणून कार्ड नुसतं कपाटात ठेवून भागणार नाही, ॲपमधून लॉक करा आणि मोबाईलमधल्या खरेदीच्या ॲपांतूनही काढून टाका.

पण आधी सावकार. सोन्याचा भाव इतका चढलाय, की गहाण असलेल्या त्याच दागिन्यांवर बहुतेक जादा रक्कम मिळेल. बँकेत जाऊन फेरमूल्यांकन करून वाढीव ५० हजार मागा. घरातलं आणखी काही ठेवावं लागू नये. ६० टक्क्यांचं देणं ११ टक्क्यांवर आलं, की वर्षाचं व्याज ३० हजारांवरून साडेपाच हजारांवर येतं. मात्र गोची इथंच होते. सावकाराचे महिन्याचे २,५०० सुटले की ते घरात विरघळतात. ते तसेच दर महिन्याला सोनेतारण खात्यात भरायचे. खातं उघडतानाच विचारून घ्या की अधूनमधून मुद्दल भरता येतं का. तसे भरलेत तर हे ५० हजार तेविसाव्या महिन्यात संपतात. नाहीतर वर्षाअखेरीस व्याज भरून पावती बदलायची, म्हणजे निव्वळ नवं-जुनं, फेड नव्हे.

सावकाराला पैसे देताना कोरे सही केलेले चेक, स्टँपपेपर, गाडीचं आरसी बुक असं जे त्याच्याकडे असेल ते आधी समोर मागा. रक्कम शक्यतो खात्यावरून पाठवा आणि ‘पूर्ण रक्कम मिळाली’ असं लिहून घ्या. राहिलेला एक चेक दोन वर्षांनी बँकेत पडतो आणि चेक न वटल्याची, कलम १३८ ची नोटीस दारात येते. राज्याच्या २०१४ च्या सावकारी कायद्यात परवाना सक्तीचा आहे, आणि बिगरशेती विनातारण कर्जाला शासनानं ठरवलेला दर वर्षाला १८ टक्के आहे. शेकडा पाच कुठल्याच परवान्यात बसत नाही. कागद देत नसेल, दमदाटी करत असेल, तर सहाय्यक किंवा जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे लेखी अर्ज करा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

पतसंस्थेचा हप्ता दराच्या क्रमात मागे आहे म्हणून तो चुकवायचा, असं नाही. थकलं की दंडव्याज लागतं, मग कलम १०१ चा वसुली दाखला निघतो, आणि वसुली अधिकारी जामीनदाराच्याही दारात जातो. दोन जामीनदार तुमच्याच विभागातले असतील तर कारखान्यात तोंड दाखवणं अवघड होईल. कर्ज संपलं की कर्ज देताना शेअर्सपोटी कापलेली रक्कम परत मागायला विसरू नका, ती आपणहून कोणी देत नाही.

पिग्मी बंद करा. एकीकडे ४२ टक्के देत दुसरीकडे चार-पाच टक्क्यांनी साठवणं म्हणजे फुटक्या घागरीनं पाणी भरणं. १८ हजारांतले १० हजार आजारपणासाठी बँकेत वेगळे ठेवा (मुदतीआधी काढताना काही कापतील, कापू द्या), ८ हजार कार्डावर. सध्याचे ३,२००, पिग्मीचे महिन्याचे १,५०० आणि शिल्लक पडणारे आठशे धरून कार्डावर ५,५०० भरायचे. पाच महिन्यांनी फ्रिज संपला की ७,६००. दर हाच राहिला तर अकराव्या महिन्यात कार्ड शून्यावर येतं. पत्नीला हा कागद आजच दाखवा, कारण पहिले पाच महिने, सोनेतारणाच्या जुन्या ८० हजारांच्या व्याजाचे ७३३ बाजूला काढल्यावर, हातात चाळीस रुपये उरतात. घरखर्चाचा आकडा २० ऐवजी २२ हजार निघाला तर सगळं गणित कोलमडेल. दिवाळीचा बोनस आणि लग्नसराईतला आहेर आत्ताच महिन्यांवर मांडून ठेवा. आहेर जरा आखडला तरी चालतो, लोक कार्डाचं बिल भरायला येत नाहीत.

या काळात कार्डवाल्यांचे फोन आले, तर वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ‘सेटलमेंट करा, निम्म्यात मिटवू’ म्हणाले तरी घाई नको. सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीवर, ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो आणि पुढं घराच्या कर्जाला तोच आडवा येतो. पगार चालू असताना त्याची गरज नाही.

मेहुण्याला फोन करून तारीख सांगा: कार्ड संपल्यावर महिना ३ हजार. गप्प राहिलात तरच तो दुखावेल.

वडिलांच्या पीक कर्जाला हात लावू नका. तीन लाखांपर्यंत वेळेत फेडलं तर व्याज सवलतीमुळं ते शून्य टक्क्यांनी पडतं, आणि ऊसबिलातून सोसायटी वसुली करतेच. फक्त बाकी राहिली तर मार्चअखेर नवं-जुनं करायला (जुनं भरून लगेच नवं उचलायला) चार दिवसांसाठी पुन्हा सावकाराकडून उचलू नका. तेवढी रक्कम ऊसबिल जमा झालं की लगेच वडिलांच्या खात्यात बाजूला काढायला सांगा.