टी-७२ रणगाड्याचं १/३५ मॉडेल पहिल्यांदाच बनवतोय, डिटेलिंगवर किती खर्च करू आणि गंज कसा दाखवू?

म्हणजे तुम्ही टी-७२ एम-१ चं किट आणलंय, याआधी फक्त विमानं केलीत, आता मेटल बॅरल (धातूची तोफेची नळी) आणि फोटो-एच (पातळ पत्र्यातून कोरलेले बारीक भाग) घ्यावं का आणि यूट्यूबवर दाखवतात तसा गंज नि रंगाचे टवके कसे काढायचे, असं विचारताय. खर्चाचं खाली कुठेतरी येईल. गंजाचं आधी सांगतो. दाखवू नका.

चालू रणगाडा असा गंजत नाही हो. जाड पोलाद, त्यावर प्रायमर, त्यावर रंग, आणि रंग उडाला की परत रंग मारणारी माणसं आजूबाजूला असतातच, कारण त्यांना साहेबाला तोंड दाखवायचं असतं. तरी नेटवर बघाल तर प्रत्येक बोल्टखाली नारिंगी ओघळ, प्रत्येक कडेला टवके. चाळीस टनांचा रणगाडा आहे, समुद्रात बुडालेली बोट नाही.

एवढं तावातावाने का लिहितोय तेही सांगतो. मी नगरचा (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच बसलंय). आर्मर्ड कोअरचं, म्हणजे सैन्याच्या रणगाडा दलाचं, ट्रेनिंग सेंटर आमच्याकडे, केके रेंजवर फायरिंग असलं की घरी तावदानं वाजायची. बाबा ईएमईत (सैन्याच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणारी शाखा), नोकरीतला बराचसा काळ टी-७२ खालीच पाठीवर पडून गेला, सुभेदार म्हणून रिटायर झाले. तर आमचा एक ग्रुप आहे, पुण्यात एकाच्या घरी अधूनमधून सगळे आपापली मॉडेल्स घेऊन जमतो. त्यात एक सीनियर आहेत, हात खरंच चांगला आहे त्यांचा, ते नाकारत नाही, आणि नवीन मंडळींना तेच शिकवतात. माझा टी-७२ बघून म्हणाले, "स्वच्छ केलायस रे, पण जिवंत वाटत नाही. गंज कुठाय?" त्यांचाही टी-७२ शेजारीच होता, तपकिरी-नारिंगी, कडा सगळ्या खरवडलेल्या, मागच्या प्लेटवर काळीकुट्ट काजळी.

त्या दिवशी बाबा सोबत होते, डोळ्यांच्या डॉक्टरकडे आणलं होतं म्हणून तसेच आले. हात मागे बांधून टेबलाभोवती फिरले, त्या मॉडेलपाशी थांबले आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "हा स्क्रॅपला काढलाय का?"

"नाही काका, ऑपरेशनल आहे."

"मग याच्या क्रू कमांडरला बोलवा जरा."

सगळे हसले, सीनियरसुद्धा. पण बाबा विनोद करत नव्हते. त्यांनी चष्मा वर करून बोटाने दाखवलं, की एक्झॉस्ट इथे आहे, डाव्या फेंडरवर, शेवटच्या चाकांच्या वर, धूर बाजूला जातो, काजळी फेंडरच्या कडेला आणि खालच्या चाकावर बसते, मागच्या प्लेटवर काय म्हणून येईल? मग म्हणाले उजव्या फेंडरवर डिझेलच्या टाक्या आहेत, झाकणाभोवती तेल सांडतं, त्यावर धूळ चिकटते, तो डाग कुठाय? तो कुणीच काढला नव्हता. (मी काढला होता, पण बाबांनी माझ्याकडे बघितलंही नाही, घरचा म्हणून.) सीनियर म्हणाले, "काका, ही कला आहे, छोट्या स्केलवर सगळं वाढवूनच दाखवावं लागतं." आणि तिथून जो वाद सुरू झाला तो अजून चालू आहे. मी ग्रुपवर कुठलाही फोटो टाकला की खाली त्यांची एकाच शब्दाची कमेंट येते, "गंज?"

वाढवून दाखवावं लागतं हे खरंच आहे. एवढ्याशा वस्तूवर घरातल्या दिव्याची सावली नीट पडत नाही, म्हणून खाचांत गडद वॉश (खूप पातळ केलेला रंग), कडांवर थोडा उजेड, हे मीही करतो. पण वाढवायचं ते जे असतं ते. नसलेलं वाढवून काय करणार?

तर असतं काय? सगळ्यात आधी धूळ. आणि धुळीला गाव असतं. बिकानेरकडच्या रेंजवर फिकट पिवळसर वाळू, आमच्याकडे मुरूम आणि काळी माती, पावसाळ्यात तीच काळी माती चाकांत गच्च बसते. आपला टी-७२ वाळूच्या रंगावर हिरवे पट्टे असा रंगवायचा आणि त्यावर युरोपातल्या चिखलाची तयार बाटली ओतायची, हे मी चांगल्या चांगल्या लोकांना करताना बघितलंय. कुठला रणगाडा, कुठल्या महिन्यातला, हे आधी ठरवा, मग पिगमेंट (रंगाची कोरडी भुकटी) घ्या. खडूचे रंग पॉलिश पेपरवर घासून भुकटी केली तरी चालते, मी अजून तेच वापरतो. खरी माती चाळून लावू नका. मातीचा दशांश मिलिमीटरचा कण या स्केलला साडेतीन मिलिमीटरचा खडा होतो.

मग बूट. ड्रायव्हर जिथून चढतो ती पुढची तिरपी प्लेट, हॅचच्या कडा, हँडल, इथे रंग झिजून गुळगुळीत आणि काळसर होतो. ६बी पेन्सिलीची भुकटी बोटाने घासा, दहा रुपयांत काम होतं. त्यासाठी टवक्यांचा सेट वगैरे लागत नाही.

गंज दाखवायचाच असेल तर ट्रॅकवर, म्हणजे चाकांवरून फिरणाऱ्या लोखंडी पट्ट्यावर दाखवा, तिथे रंगच टिकत नाही. पण तिथेही नारिंगी नाही, धुळकट गडद तपकिरी, आणि जमिनीला टेकणारा भाग नि चाकांना घासणारे आतले दात चकचकीत. चालू रणगाड्याचा ट्रॅक आतून चमकतो, ते दाखवलं की बाकी काही नाही केलं तरी मॉडेल चालतंय असं वाटतं. आणि ट्रॅक ताणून बसवू नका, वर ट्रॅकला आधार देणारे तीन छोटे रिटर्न रोलर आहेत, त्यांच्या मधे हलकासा झोळ हवा. विनाइलचे रबरी ट्रॅक आले असतील तर वर पातळ तार घालून दाबून ठेवा, स्कर्टमागे (ट्रॅकच्या बाजूने लोंबणारा पडदा) झाकलं जातं.

आता खर्चाचं. या स्केलला १ मिलिमीटर म्हणजे ३५ मिलिमीटर, हे डोक्यात घट्ट बसवा, अर्धं डिटेलिंग तिथेच होतं. एम-१ च्या पुढच्या प्लेटवर १६ मिलिमीटरची जादा प्लेट वेल्ड केलेली असते, म्हणजे तुमच्याकडे जेमतेम अर्धा मिलिमीटर. किटमध्ये तिची कड नीट उठत नसेल तर ०.५ ची प्लास्टिक शीट कापून चिकटवा, कडेने पुट्टीची बारीक वळी लावून ब्लेडच्या टोकाने टोचा, वेल्ड तयार. फेंडर नि मडगार्डच्या कडा मात्र किटमध्ये हमखास जाड असतात, खऱ्या मापाने बोटभर पत्रा होतो तो, आतून तासून पातळ करा. याला पैसे लागत नाहीत, बूड टेकून बसायला लागतं.

बॅरल: किटची दोन भागांची असेल आणि तुम्हाला सीम (जोडाची रेघ) घासायचा कंटाळा असेल तर मेटलची घ्या. एकसंध आली असेल तर गरज नाही, १२५ मिलिमीटरच्या तोफेला पुढे मझल ब्रेक (तोंडावरचा छिद्रांचा जाड भाग) नाही, फक्त भोक साडेतीन मिलिमीटरचं आणि गोल असलं म्हणजे झालं. घासताना थर्मल स्लीव्हचे (नळीवरच्या उष्णतारोधक वेष्टणाचे) पट्टे घासून टाकू नका.

फोटो-एच मी एकाच ठिकाणी हट्टाने घेतो, इंजिन डेकच्या जाळीसाठी, कारण प्लास्टिकमध्ये जाळी ओतता येत नाही, ती नुसती नक्षी दिसते. बाकी सेटमध्ये खोक्यांच्या कड्या नि पट्ट्या असतात, त्या फेविक्विकने चिकटवता चिकटवता अर्ध्या फरशीवर जातात आणि मॉडेल शोकेसमध्ये गेल्यावर कुणालाही दिसत नाहीत. सीनियरांच्या मॉडेलवर त्या सगळ्या होत्या आणि इन्फ्रारेड लाइटची काच चांदीच्या रंगाने रंगवली होती! तोफेच्या उजवीकडचा तो मोठा दिवा, त्यावर फिल्टर असतो, बघायला जवळजवळ काळा, तिरकं बघितलं तर गर्द लाल. चांदीवर ट्रान्स्परंट लाल नि काळ्याचे दोनतीन पातळ हात, पाच मिनिटांचं काम. सेटवर पैसे घालवण्याआधी अशा गोष्टी बघा.

टरेट, म्हणजे तोफ बसवलेला वरचा फिरता भाग, ओतीव आहे, वेल्ड केलेली नाही. टी-९० ची वेल्डेड टरेट बघून हीसुद्धा काचेसारखी गुळगुळीत ठेवू नका. मॉडेलचं पातळ सिमेंट (प्लास्टिकचा गोंद) लावून प्लास्टिक मऊ झालं की ताठ केसांच्या जुन्या ब्रशने ठोकत जा, सुकल्यावर हलका पॉलिश पेपर. ओतीव पोत कसा असतो हे बघायचं असेल तर आमच्या कॅव्हलरी टँक म्युझियमला या, १९९४ पासून आहे, पकडून आणलेले पॅटन रणगाडे उभे आहेत, त्यांच्या टरेट जवळून बघा. पण वेदरिंग (वापराच्या, धुळीच्या, झिजेच्या खुणा काढणं) तिथे शिकू नका. वर्षानुवर्षं एकाच जागी उभे असलेले रणगाडे, रंगावर रंग चढवलेला, त्यात चालू गाडीचं काहीच उरत नाही. आणि रुतलेली गाडी काढायला मागे बांधलेला ओंडका प्लास्टिकचा लावू नका, अंगणातली वाळलेली काडी तोडा, लाकडाला लाकडासारखं रंगवण्यात काय अर्थ आहे.

वॉशसाठी महागड्या बाटल्या नकोत. कॅम्लिनचा बर्न्ट अंबर ऑइल कलर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून चालतो, काळा नको, काळ्याने सगळं कार्टून दिसतं. खालचा रंग अ‍ॅक्रिलिक हवा आणि वर ग्लॉस वार्निश. टर्पेंटाइन जपून, खाचेत साचलं तर प्लास्टिक तडकतं, विशेषतः टॉर्शन बारवर (चाकांना स्प्रिंगसारखे झेलणारे दांडे) नेटाने दाबून बसवलेले भाग. डिझेलच्या डागाला याच रंगात थोडं ग्लॉस वार्निश मिसळायचं, धुळीच्या नंतर, आधी नाही.

हे सगळं लिहून झाल्यावर एक कबूल करायला हवं, की मी चालू रणगाड्याबद्दल बोलतोय. जळालेला असेल तर गोष्ट वेगळी, रंग जळून जातो आणि उघडं पडलेलं पोलाद काही दिवसांतच नारिंगी होतं, युक्रेनमधले फोटो बघा. तसा करायचा असेल तर गंजाच्या सगळ्या बाटल्या बिनधास्त उघडा. फक्त मग पूर्ण करा. चाकांचं रबर जळून जातं, उघड्या रिमा आणि पांढरट राख राहते, टॉर्शन बार आगीत नरम पडतात म्हणून गाडी पोटावर बसते. हल (रणगाड्याचं खालचं धड) नारिंगी आणि टायर शाबूत, असं मॉडेल त्याच टेबलावर पुढच्या वेळी मी बघितलंय, कुणाचं होतं ते विचारू नका.