ट्रान्सफॉर्मर घ्यावा की सक्रिय फोनो प्रीअँप?

प्रश्न : माझ्या रेकॉर्ड प्लेअरच्या मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजचे (सुईसोबत कॉइल हलून सिग्नल देणाऱ्या भागाचे) आउटपुट ०.३ मिलिव्होल्ट आणि अंतर्गत रोध ४० ओहम आहे. फोनो प्रीअँपला (हा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या यंत्राला) मात्र मूव्हिंग मॅग्नेट या जास्त व्होल्टेज देणाऱ्या कार्ट्रिजचीच सोय आहे. त्याच्याआधी १:३० चा (व्होल्टेज ३० पट करणारा) स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर जोडावा, की पूर्णतः सक्रिय, म्हणजे विजेवर सिग्नल वाढवणारा, नवा प्रीअँप घ्यावा? ट्रान्सफॉर्मरला वीज लागत नसल्याने तो खरखर वाढवत नाही, हे खरे का?

उत्तर : पूर्णपणे खरे नाही. ट्रान्सफॉर्मरच्या तारेलाही रोध असतो आणि त्यामुळे थोडी खरखर येतेच. शिवाय जवळच्या मोटरची किंवा वीजपुरवठ्याची घरघर तो पकडतो, म्हणून चांगल्या ट्रान्सफॉर्मरला म्यू-मेटल या चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या मिश्रधातूचे आवरण असते.

आपल्या बाबतीत खरा प्रश्न गुणोत्तराचा आहे. व्होल्टेज जितक्या पटींनी वाढते, त्या पटीच्या वर्गाने कार्ट्रिजला जाणवणारा भार (म्हणजे तिच्यापुढचा रोध) घटतो. प्रीअँपचा इनपुट रोध ४७ किलोओहम धरल्यास १:३० ला हा भार जेमतेम ५२ ओहम उरतो, आणि ४० ओहमच्या कार्ट्रिजचे सुमारे ४३ टक्के व्होल्टेज तिच्याच कॉइलमध्ये खर्ची पडते. एवढ्या मोठ्या गुणोत्तराचे बरेच ट्रान्सफॉर्मर दोन-पाच ओहमच्या कार्ट्रिजसाठी गुंडाळलेले असतात. त्यांना ४० ओहमची कार्ट्रिज जोडल्यास खर्जही दुबळा पडू शकतो. १:१० ला भार ४७० ओहम होतो, घट आठ टक्क्यांच्या आसपास राहते आणि प्रीअँपला सुमारे २.८ मिलिव्होल्ट मिळतात, जे मूव्हिंग मॅग्नेटच्या इनपुटला पुरेसे आहेत.

सक्रिय प्रीअँपमध्ये गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते) आणि भार बदलण्याची सोय बहुधा असते, त्यामुळे पुढे कार्ट्रिज बदलली तरी अडचण येत नाही. अत्यल्प रोधाच्या कार्ट्रिजसोबत ट्रान्सफॉर्मर खरखरीच्या बाबतीत ठळकपणे सरस ठरतो, कारण तिथे कॉइलची स्वतःची खरखर इतकी कमी असते की ट्रान्झिस्टरची खरखर तिच्यावर मात करते. ४० ओहमला मात्र कॉइलचीच खरखर मोठी असल्याने उत्तम सक्रिय मंडल फारसे मागे पडत नाही.

सध्याच्या प्रीअँपवर आपण समाधानी असाल, तर १:१० चा ट्रान्सफॉर्मर घ्यावा, असे माझे मत आहे. तो मोटरपासून दूर ठेवावा, आणि त्यापासून प्रीअँपपर्यंतची केबल शक्य तितकी आखूड असावी, कारण त्या बाजूला केबलची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) वाढल्यास वरच्या पट्टीतला प्रतिसाद बिघडतो.