बोनस आलाय, एअर रायफल घ्यायची आहे: रोखीने की हप्त्यांवर?

प्रश्न (थोडक्यात): वय ३४, नोकरी पक्की. वर्षभर क्लबच्या रायफलीवर १० मीटरवरच्या नेमबाजीचा सराव करतोय, आता स्वतःची एअर रायफल हवी आहे. वर्षातून तीन-चार वेळा मित्राच्या शेतावर सशांची शिकारही करतो, तिथे रीतसर परवानगी आहे. दोन्ही कामांना एकच रायफल घ्यावी असा विचार आहे. समोर तीन पर्याय आहेत. (अ) पीसीपी, म्हणजे आधीच भरून ठेवलेल्या हवेवर चालणारी रायफल, पूर्ण संचासकट, बोनस डाऊन पेमेंटला देऊन बाकीचे १८ हप्ते. (ब) चांगल्या कंपनीची मध्यम किमतीची स्प्रिंगची रायफल, रोखीने. (क) स्कोपसकट (नेम धरायच्या दुर्बिणीसकट) मिळणारी स्वस्त स्प्रिंगची रायफल, खोक्यावर १२०० फूट प्रतिसेकंद लिहिलेली. आपत्कालीन निधी दोन महिन्यांचा आहे, क्रेडिट कार्डावर थोडी थकबाकी आहे. (अ) वरची सूट महिनाअखेर संपते. काय करू?

उत्तर: तुम्ही आकड्यांची यादी जोडलीत ते बरं केलंत. नाहीतर अशा प्रश्नात पत्र रायफलीच्या कौतुकाने भरलेलं असतं आणि पैशांचा उल्लेख शेवटच्या ओळीत येतो. हिशेब सोपा राहावा म्हणून तुमचा बोनस १०० धरतो आणि बाकी सगळं त्याच मापात मांडतो.

तुमच्या यादीप्रमाणे (अ) मध्ये रायफल ११०, स्कोप ३०, हवा भरायचं सिलिंडर आणि जोडण्या ३५, पेटी आणि किरकोळ १५. एकूण १९०. यातले ८० रायफलीचे नाहीतच. दुकानातल्या पाटीवर फक्त ११० दिसतात, म्हणून माणूस फसतो. बोनस दिल्यावर ९० उरतात. त्याचे १८ हप्ते साडेपाचचे, म्हणजे ९९. तुम्ही महिन्याला जेवढं बाजूला टाकता त्याच्या जवळपास निम्मं दीड वर्ष या हप्त्यात जाईल, आणि तेही निधी दोनच महिन्यांचा असताना.

पीसीपीला नावं ठेवायचा माझा हेतू नाही. आधीच दाबून भरलेल्या हवेवर ती चालते, त्यामुळे धक्का जवळजवळ नसतो, पुढचा छर्रा पटकन मारता येतो आणि नेम शिकायला सोपी जाते. पण ती हवा साधारण २०० ते ३०० बार दाबाची लागते. गाडीच्या टायरात दोन-अडीच बार असते, तेव्हा घरातला पंप इथे कामाचा नाही. खास हातपंप स्वस्त पडतो, पण घाम काढतो, आणि काळजी घेतली नाही तर हवेबरोबर दमटपणा आत जातो. सिलिंडर घेतलं की ते भरून आणायची सोय शोधा आणि ठरावीक वर्षांनी त्याची दाबचाचणी करून घ्या. कॉम्प्रेसर घेतला तर त्याची देखभाल आली. शिवाय रबरी सील अधूनमधून बदलावे लागतात. यातला एकेक खर्च लहान दिसतो, पण तो दरवर्षी येतो आणि तुमच्या यादीत त्याला जागाच नाही.

(क) वर फार वेळ घालवत नाही. १२०० फूट प्रतिसेकंद म्हणजे सुमारे ३६६ मीटर, आवाजाच्या वेगापेक्षा जास्त. असे आकडे बहुतेक वेळा अगदी हलका मिश्रधातूचा छर्रा वापरून काढलेले असतात, आणि आवाजाच्या वेगाच्या आसपास छर्रा अस्थिर होतो, नेम पसरतो. तुम्ही रोज वापराल तो शिशाचा छर्रा त्याच रायफलीतून बराच सावकाश जाईल. वर तो फुकटचा स्कोप. स्प्रिंगची रायफल आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी झटका देते. त्याने साधे स्कोप आतून सैल होतात, दारूगोळ्याच्या रायफलीवर नीट टिकणारेसुद्धा. म्हणून स्प्रिंगसाठी बनवलेला आणि १० मीटरवरही स्पष्ट दिसणारा स्कोपच घ्यायचा. (क) घेऊन २० वाचल्यासारखे वाटतील आणि सहा महिन्यांत दुसरी रायफल शोधायला लागाल.

आता तुमच्या मूळ अटीकडे येऊ, की दोन्हीला एकच रायफल. खर्च वाढतोय तो याच अटीमुळे.

१० मीटरच्या स्पर्धेत .१७७ म्हणजे ४.५ मिलिमीटरचा छर्रा चालतो. लक्ष्यावरचा दहा गुणांचा मधला ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तिथे ताकदीला काडीची किंमत नाही. मॅच रायफल, म्हणजे स्पर्धेसाठी बनवलेली, साधारण १७५ मीटर प्रतिसेकंदाने छर्रा सोडते, म्हणजे जेमतेम ६ फूट-पाउंड ऊर्जा. ती तिथे पुरेशी आहे आणि सशासाठी अगदीच अपुरी. शिकारीच्या रायफली ११-१२ फूट-पाउंडांपासून सुरू होतात, वजन आणि दस्त्याचा घाट वेगळा, आणि बरेच जण त्यासाठी .१७७ पेक्षा जाड .२२ पसंत करतात, कारण १४ ते १८ ग्रेनचा (ग्रेन हे छर्र्याच्या वजनाचं माप) जड छर्रा. दोन्ही कामं सारखीच उत्तम करणारी रायफल शोधायला गेलात की महागाकडेच सरकत जाता, आणि शेवटी हातात येते ती स्पर्धेच्या नियमात न बसणारी एक सुंदर शिकारी रायफल.

तुमच्या दोन कामांपैकी एक क्लबच्या रायफलीवर चाललंय आणि त्याची फी तुम्ही भरताच आहात. ते काम तिथेच राहू द्या. स्वतःच्या पैशाने फक्त दुसऱ्या कामाची रायफल घ्या, म्हणजे मैदानावरचा सराव आणि शेतावरचे ते तीन-चार दिवस. तेवढ्यासाठी (ब) पुरते. स्कोपसकट ४५.

(ब) मध्ये .१७७ घ्या. .२२ ची बाजू मी समजू शकतो, पण .१७७ चा मार्ग जास्त सपाट असतो, त्यामुळे अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम फारसा ढळत नाही. ८.४ ग्रेनचा छर्रा ७८० फूट प्रतिसेकंदाने गेला की सव्वाअकरा फूट-पाउंडांच्या आसपास ऊर्जा होते. छर्रा सशाच्या डोक्यात लागला तर ३० मीटरच्या आत एवढी पुरते. डोक्यात लागायचं म्हणजे काय, ते कागदावर आधी बघा. ज्या अंतरावर पाचही छर्रे रुपयाच्या नाण्याएवढ्या गोलात बसत नाहीत, त्या अंतरावरून जनावरावर नेम धरायचा नाही. अर्धवट जखमी होऊन झुडपात शिरलेला ससा कोणत्याही बजेटात बसत नाही.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. क्लबची रायफल बिनधक्क्याची असणार. स्प्रिंगची हातात घेतलीत की सुरुवातीला गुण घसरतील. तिला घट्ट आवळून धरलं की ती उलट भरकटते. पुढचा हात मोकळा ठेवून, प्रत्येक वेळी अगदी त्याच जागी तिला टेकू द्यायला शिकावं लागतं. पहिल्या महिन्यात ‘पैसे वाया गेले’ असं वाटेल. तेव्हा (अ) च्या जाहिराती उघडून बसू नका.

ज्या खर्चाबद्दल तुम्ही चकार शब्द काढलेला नाही तो छर्र्यांचा. स्पर्धेत ६० मोजणीचे छर्रे असतात, आधीचे नेम बसवायचे वेगळे. सरावाला गेलात की शंभर सहज उडतात. आठवड्यातून दोनदा गेलात तर वर्षाला दहा हजार, म्हणजे पाचशेचे वीस डबे. तुमच्याच यादीतल्या भावाने एक डबा ०.६, वीस डबे १२. तीन वर्षांत ३६. रायफल आणि स्कोप मिळून ४५, हे लक्षात ठेवा. पहिले दोन-तीन डबे वेगवेगळ्या कंपन्यांचे घ्या, कारण प्रत्येक नळीला आपला छर्रा आवडतो आणि ते मारून पाहिल्याशिवाय कळत नाही. मग जो जमला त्याचे एकदम घ्या. छर्रे शिशाचे असतात, तेव्हा हात धुतल्याशिवाय खाणंपिणं नको.

म्हणून शंभराची वाटणी मी अशी करेन. १५ ने कार्डाची थकबाकी आजच संपवा. कार्डाच्या व्याजाला हरवणारी सूट कुठल्याच दुकानात मिळत नाही. ४५ रायफल आणि स्कोप. १२ वर्षभराचे छर्रे. उरलेले २८ आपत्कालीन निधीत, आणि जो हप्ता भरायची तुमची तयारी होती तेच साडेपाच दरमहा तिकडेच वळवा. दीड वर्षाने निधीत तब्बल १२७ ची भर पडलेली असेल. तोपर्यंत क्लबात तुमचे गुण स्पर्धेत उतरण्याइतके झाले, तर सेकंडहँड मॅच रायफल रोखीने घेता येईल. ती बघताना हवेच्या सिलिंडरवर कोरलेली तारीख आधी वाचा. काही कंपन्या त्याला १० वर्षांचीच मुदत देतात आणि मुदत संपत आलेली रायफल स्वस्त दिसते ती त्यामुळेच.

पैसे भरण्याआधी तुमच्या भागातला कायदा वाचा, माझ्या हिशेबापेक्षाही आधी. परवान्याशिवाय ठेवता येणारी ताकद कुठे ७.५ जूल आहे, कुठे १२ फूट-पाउंड म्हणजे साधारण १६ जूल, कुठे २०. त्या मर्यादेच्या वर गेलात की परवान्याचा खर्च आणि वेळ धरावा लागतो. शिकारीचे नियम त्याहून वेगळे असतात. मित्राची परवानगी म्हणजे जमिनीत शिरायची परवानगी. कोणतं जनावर, कोणत्या काळात आणि कोणत्या हत्याराने मारता येतं हे सरकार ठरवतं. तिथे उत्तर ‘नाही’ आलं तर शिकार यादीतून काढा. (ब) मग निव्वळ लक्ष्यासाठी राहील आणि तरी पैसे वसूल होतील.

महिनाअखेर संपणाऱ्या सवलतीचं दडपण घेऊ नका. चांगल्या स्प्रिंग रायफलींची मॉडेलं वर्षानुवर्षं तशीच बनत राहतात. वाइराउख या जर्मन कंपनीची एचडब्ल्यू ३५ तर १९५० च्या दशकातली आहे. अशा रायफलींना सेकंडहँड बाजारातही भाव मिळतो, म्हणून (ब) च जुनी मिळाली तर नव्याचा हट्ट नको. बघायला जाल तेव्हा छर्र्याशिवाय रिकामी उडवू नका, पिस्टनचं सील खराब होतं. ‘वर्षभर कॉक करूनच (स्प्रिंग दाबलेल्या स्थितीत) ठेवली होती’ असं कुणी कौतुकाने सांगितलं तर स्प्रिंग बदलायचा खर्च किमतीतून वजा करा. जमल्यास वेग मोजायच्या यंत्रावर दहा छर्रे सोडून बघा. दहांचे आकडे एकमेकांच्या जवळ आले तर घासाघीस सुरू करा.