परवान्यावरची 31 ऑगस्ट

टेक्सासहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. सात वर्षं एच-वन-बीवर, म्हणजे कामासाठीच्या तात्पुरत्या व्हिसावर, आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन एमपी-40 या सबमशीनगनची .22 रिमफायर (कडेवर आघात होऊन उडणाऱ्या काडतुसाची), सेमी-ऑटोमॅटिक प्रतिकृती विकत घेतली. दुकानदाराने सांगितलं म्हणून तेव्हा शिकारीचा परवाना काढला, पुढे तो संपला तरी नवा काढला नाही. शिकार कधी केलीच नाही, फक्त नेमबाजीच्या रेंजवर गेले. ‘मूळ बंदूक नाही, नक्कल आहे, ग्रीन कार्डला अडचण येईल का? आणि परतताना पुण्याला नेता येईल का?’ अशी पत्रं मला वरचेवर येतात.

‘नक्कल’ या शब्दावर विसंबू नका. फेडरल कायद्यात प्रतिकृतींना सवलत आहे, पण ती 1898 पर्यंतच्या जुन्या शस्त्रांच्या प्रतिकृतींना, आणि त्यातूनही रिमफायर काडतुसावर चालणाऱ्या स्पष्टपणे वगळल्या आहेत. तुमची बंदूक दोन्हीकडून बाहेर पडते. कायद्याच्या लेखी ती पूर्ण बंदूक आहे.

आता मुख्य मुद्दा. याच फेडरल कायद्याच्या कलम 922(जी)(5) नुसार नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या, व्हिसावर असलेल्याला बंदूकच काय, काडतूसही बाळगता येत नाही. तुमच्यासारख्याला त्यातून वाट आहे ती 922(वाय)(2) मधल्या अपवादाची: अमेरिकेतल्या राज्याचा शिकारीचा परवाना. तो बंदूक घेण्याच्या दिवसापुरता नसतो. बंदूक तुमच्या ताब्यात आहे तोवर चालू असावा लागतो. टेक्सासचा वार्षिक परवाना 31 ऑगस्टला संपतो, म्हणजे 1 सप्टेंबरपासून कपाटातली ती बंदूक गुन्हा ठरू शकते. परवान्यावर तारीख छापलेली होती. ती न पाहणं मला समजत नाही, कारण या कलमाखाली 15 वर्षांपर्यंत कैद आहे आणि दोषी ठरलात तर हद्दपारीचं संकट आहेच.

‘मला माहीत नव्हतं’ हा बचाव फारसा चालणार नाही. 2019 च्या रेहाइफ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की आरोपीला स्वतःचा दर्जा (तुमच्या बाबतीत व्हिसाचा) माहीत होता हे सरकारने सिद्ध केलं पाहिजे. दर्जा, कायदा नव्हे. सात वर्षं एच-वन-बीवर असलेला माणूस आपला दर्जा ठाऊक नव्हता असं कुठल्या तोंडाने सांगणार?

म्हणून आज, हे वाचून झाल्यावर, परवाना काढा. त्याने मधला खंड भरून निघणार नाही, पण आजचा ताबा सावरेल. मग बंदूक आणि उरलेली काडतुसं ठेवायची की परवानाधारक विक्रेत्यामार्फत विकायची, ते ठरवा. पत्नीच्या नावावर करू नका, एच-फोर हा जोडीदाराचा व्हिसासुद्धा नॉन-इमिग्रंटच. रेंजवरचे फोटो नवे टाकू नका आणि जुने पुसूही नका. आधी फौजदारी वकिलाला दाखवा. त्या खंडासाठी कोणी खटला भरेल का, हे मी सांगू शकत नाही. ग्रीन कार्डच्या अर्जावर काय लिहायचं तेही त्या प्रश्नाची भाषा समोर ठेवूनच ठरेल, पण खोटं उत्तर कुठल्याही परिस्थितीत नको. भारतीयांची रांग वर्षानुवर्षं हलत नाही, प्रत्येक देशाला सात टक्क्यांची मर्यादा आहे, हे मीही रोज पाहतो आणि चिडतो. पण त्या रांगेत जितकी वर्षं उभे राहाल, तितक्या ऑगस्टअखेरी तुम्हाला सांभाळाव्या लागतील.

एक विचारायचं राहिलं. तुमची बंदूक आखूड नळीची, पिस्तूल म्हणून विकलेली असेल आणि तुम्ही तिला मागचा दस्ता जोडला असेल, तर 16 इंचांपेक्षा कमी नळीच्या रायफलीची नोंदणी न केल्याचा 1934 च्या कायद्याखालचा वेगळा गुन्हा उभा राहतो. तसं असेल तर वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा.

पुण्याला नेण्याचं मनातून काढून टाका. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 10 नुसार आयातीला परवाना लागतो, आणि विमानतळावर ‘नक्कल आहे’ म्हणून कोणी सोडणार नाही.