वाचकांचे प्रश्न : रायफलच्या दस्त्यावरचं 'स्लॅझ'

प्रश्न : सिडनीत भाड्याच्या घराच्या गॅरेजमध्ये जुन्या रायफलचा लाकडी दस्ता सापडला. त्यावर 'स्लॅझ' आणि '४२' असे ठसे आहेत. हा टेनिसवाल्या स्लॅझेंजरचा असेल का?
– एक वाचक, सिडनी

उत्तर : हो, तोच टेनिसच्या रॅकेटी बनवणारा स्लॅझेंजर! तुमचं पत्र वाचून मला फार आनंद झाला. दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियातल्या स्लॅझेंजरने ली-एनफिल्ड या लष्करी रायफलींसाठी लाकडी भाग बनवले. रॅकेटी घडवणाऱ्या हातांना लाकूड नवं नव्हतंच. '४२' म्हणजे १९४२.

ऑस्ट्रेलियात या रायफली मात्र सिडनीच्या पश्चिमेला असलेल्या लिथगो गावातल्या सरकारी कारखान्यात बनत. तो १९१२ साली सुरू झाला. युद्धकाळात कामाचा ताण वाढला, तेव्हा आसपासच्या गावांत पूरक कारखाने निघाले. म्हणून धातूच्या सुट्या भागांवर 'एमए' दिसलं तर लिथगो, 'ओए' दिसलं तर ऑरेंज, 'बीए' म्हणजे बॅथर्स्ट.

ठसा सांगतो तो त्या भागाचा कर्ता, अख्ख्या रायफलीचा नव्हे; दुरुस्तीत भाग सर्रास बदलले जात. आणि एक कळकळीची विनंती : दस्त्याला पॉलिश पेपर अजिबात लावू नका, ठसे कायमचे जातील. कोरड्या मऊ कापडाने पुसा आणि लिथगोच्या शस्त्र-संग्रहालयात नेऊन दाखवा.