महोत्सव नगरपंचायतीचा, पण पैसा कुणाचा?

प्रश्न: आमची सिंधुदुर्गातली किनाऱ्यावरची छोटी नगरपंचायत आहे. यंदा डिसेंबरअखेर तीन दिवसांचा पर्यटन महोत्सव घ्यायचं सगळ्यांच्या डोक्यात आहे, सावंतवाडी-कणकवलीत होतात तसा. ऑर्केस्ट्रा, मालवणी जेवणाचे स्टॉल, शेवटच्या दिवशी टीव्हीवरचं कुणीतरी. मुख्याधिकारी म्हणतात बजेटमध्ये हेडच नाही, म्हणजे अशा खर्चाचा रकानाच नाही. मग पैसे आणायचे कुठून? आणि एवढं करून नगरपंचायतीला मिळतं काय? – एक नगरसेविका

उत्तर: ताई, दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण तो फारसं कुणी विचारत नाही. नगरपंचायतीला मिळतं फार थोडं. पर्यटक हॉटेलात राहिला, बिल भरलं, त्यावर जीएसटी लागला (साडेसात हजारांपर्यंतच्या रूमला सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के), तो गेला केंद्राकडे आणि राज्याकडे. तुमच्याकडे येते त्या हॉटेलची घरपट्टी, आणि रूम भरली काय नि रिकामी राहिली काय, घरपट्टी तेवढीच. पण त्याच पर्यटकाचा कचरा तुमच्या घंटागाडीत, पाणी तुमच्या टाकीतलं आणि नाक्यावर गाड्या अडकल्या की शिव्या पण तुम्हालाच. गर्दी वाढली की खर्च त्याच दिवशी वाढतो, उत्पन्नाचं तसं नाही.

आता हेडचं. मुख्याधिकारी तुमची अडवणूक करतायत असं समजू नका. पाणी, दिवे, सफाई ही बंधनकारक कामं, उत्सव-बित्सव ऐच्छिक. ऐच्छिक कामावर खर्च करता येतो, पण बजेटात तरतूद पाहिजे, सर्वसाधारण सभेचा ठराव पाहिजे आणि मंडप-साऊंड-लाइटची रीतसर निविदा पाहिजे. हे राहू दे, नंतर कार्योत्तर मंजुरी घेऊ म्हणून पुढे गेलात की केव्हातरी ऑडिटचा आक्षेप येतो आणि तेव्हा स्टेजवर नारळ फोडणारे उत्तर द्यायला येत नाहीत. वित्त आयोगाच्या पैशाकडे तर बघूच नका, 15व्या आयोगात त्यातला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला होता. जिल्हा नियोजन समितीकडून ‘क’ वर्ग पर्यटनस्थळाला निधी मिळतो, त्यासाठी पालकमंत्र्यांकडे जरूर जा, पण तो मुख्यतः बांधकामाचा पैसा आहे, म्हणजे शौचालय, पार्किंग, पायवाट, रेलिंग वगैरे. त्यातून गायकाचं मानधन निघत नाही.

मग असे महोत्सव होतात कसे? बरेचदा वरून कुणीतरी नेता उभा असतो, बँका-पतसंस्था-बिल्डर बॅनरवर नाव टाकून पैसे देतात, स्टॉलचं भाडं येतं आणि उरलेला खड्डा नगरपंचायत भरते. माझं स्पष्ट मत सांगतो, पटलं नाही तर सोडून द्या. नगरपंचायतीने मैदान, पाणी, दिवे, फिरती शौचालयं आणि दुसऱ्या दिवशी सकाळची सफाई एवढंच द्यावं. कलाकाराचे पैसे हॉटेलवाले, बोटवाले, दुकानदार यांनी समिती करून, वेगळं खातं उघडून उभे करावेत कारण धंदा त्यांचा होणार आहे. ज्या वॉर्डात मे महिन्यात टँकर येतो तिथल्या बाईने टीव्ही स्टारचं मानधन का भरायचं हो?

आणि डिसेंबरअखेरच का? त्या आठवड्यात मालवण-तारकर्लीला तशीही रूम मिळत नाही, भरलेल्या गावात आणखी माणसं बोलावण्याला प्रमोशन कसं म्हणायचं? पैसे लावायचेच तर मोकळ्या दिवसांत लावा. मंडणगड तालुक्यातलं वेळास बघा. तिथल्या कासव महोत्सवाला ना स्टेज ना सेलिब्रिटी, ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्रात जाताना बघायला फेब्रुवारीपासून लोक येतात, गावातल्या घरांत राहतात, जेवतात आणि पैसा थेट त्या घरांत जातो. सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था आणि गावकरी यांनी मिळून ते उभं केलं. तुमच्या किनाऱ्यावर कासव येत नसेल तर दुसरं काही असेल, दशावतार आहे, आंबा आहे, काजू आहे.

तरी डिसेंबरातच करायचं ठरलं तर दोन गोष्टी आत्ताच विचारून ठेवा. किनाऱ्याच्या परवानगीसाठी मेरिटाइम बोर्ड (राज्याचं बंदर खातं सांभाळणारं मंडळ) आणि पोलीस दोन्हीकडे जावं लागेल. आणि स्पीकर रात्री 10 ला बंद, 12 पर्यंतची सूट वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस, ते दिवस सरकारी यादीत ठरलेले असतात, तुमचे तिन्ही दिवस त्यात आहेत का ते कलेक्टर ऑफिसात बघा. नाहीतर स्टारची एंट्री पावणेदहाला आणि सव्वादहाला पोलीस.

प्रश्न: आमच्या गावाजवळ किल्ला आहे, शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. ग्रामपंचायत प्रत्येक माणसामागे काही घेऊ शकते का? – ग्रामपंचायत सदस्य, सातारा जिल्हा

उत्तर: मार्ग आहे. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यातलं कलम 124 वाचा, यात्रा कर आहे, जत्रा-उत्सव-करमणुकीवरचा कर आहे. पण तुमच्या ट्रेकरला यात्रेकरू म्हणून बसवता येईल का हे गटविकास अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या, तोंडी नको. त्यापेक्षा पार्किंग फी सोपी, फक्त जागा ग्रामपंचायतीचीच पाहिजे. पीडब्ल्यूडीच्या रस्त्यावर बांबू आडवा टाकून पावत्या फाडू नका, एक व्हिडिओ व्हायरल झाला की गाव बदनाम.

बाकी पर्यटकाकडून पैसे घेण्यात लाजण्यासारखं काही नाही. 2024 मध्ये व्हेनिसने दिवसापुरत्या येणाऱ्यांना ठरावीक दिवशी 5 युरो लावले तर जगभर बातम्या झाल्या, आपलं माथेरान दस्तुरी नाक्यावर त्याच्या किती आधीपासून माणशी कर घेतंय! महाबळेश्वरातही नाक्यावर पावती असतेच. लोक कुरकुरतात पण देतात, वरती गेल्यावर स्वच्छ संडास दिसला तर तेवढीही कुरकुर करत नाहीत. म्हणून पहिल्या सीझनचा पैसा कशावर खर्च झाला ते नाक्यावरच बोर्ड लावून लिहा. वसुली ठेक्याने देणार असाल तर पावतीपुस्तकाचे नंबर ग्रामसेवकाकडे पाहिजेत, ठेकेदाराच्या मेव्हण्याकडे नाही.

प्रश्न: गोव्यात कार्निव्हलचा खर्च पालिका करते की सरकार? – एक वाचक, म्हापसा

उत्तर: दोघं मिळून, पण सरकारचा हात मोठा. पर्यटन खातं शहरांच्या कार्निव्हल समित्यांना अनुदान देतं, मडगाव-म्हापशासारख्या ठिकाणी समितीत पालिकेची माणसं पुढे असतात आणि कमी पडेल ते प्रायोजक आणि स्टॉलमधून. पालिकेला खरी कमाई जुन्या फेऱ्यांत (जत्रेसारख्या बाजारांत) दिसते, मडगावच्या पुरुमेंताच्या (पावसाळ्याच्या बेगमीच्या) फेरीतल्या दुकानांच्या जागेचे पैसे पालिकेला मिळतात, शिवाय बाजाराचा सोपो, म्हणजे विक्रेत्यांकडून घेतली जाणारी बाजार फी, वेगळा. त्या फेरीला कुणी ब्रँड ॲम्बेसेडर नेमावा लागत नाही, पावसाआधी सुकी मासळी नि मिरच्या घ्यायला माणसं आपणहून येतात.